तीन कोपऱ्यांची रोहिणी

कुरियरवाला गेला आणि मी बॉक्सचे सहा फोटो काढले. चारही बाजू, वर, खाली. चिकटपट्टी कुठं उचकटलेली नाही, कोपरे दबलेले नाहीत, वजनाचं लेबल जागेवर. बायको दारात उभी होती. "अहो, रुखवत मांडल्यासारखं काय मांडलंय? उघडा की."

उघडणार होतोच. पण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात, चेकिंग खात्यात माझी बावीस वर्षं गेली. परदेशातल्या गिऱ्हाइकाची तक्रार आली की पहिला प्रश्न असतो, कार्टन उघडायच्या आधीचा फोटो आहे का? ती सवय घरी पण येते. बाजारात लिंबं घेतानासुद्धा मी एकेक फिरवून बघतो असं घरचे म्हणतात. खोटं नाही.

आत होती ८० मिलिमीटरची, एफ/६ ची (म्हणजे नाभीअंतर भिंगाच्या सहापट), तीन भिंगांची ॲपोक्रोमॅट, म्हणजे रंगाची किनार न दाखवणारी, दुर्बीण. नाभीअंतर ४८० मिलिमीटर, पांढरी नळी, सोबत ॲल्युमिनियमची पेटी. कस्टम ड्युटी, जीएसटी, भाडं सगळं धरून लाखाच्या जरा आत बसली. माझ्या पगाराच्या हिशेबात म्हणाल तर तीन महिने. ॲपोच्या दुनियेत मात्र ही स्वस्तातली समजतात. नावाजलेल्या कंपन्यांची याच मापाची दुर्बीण याच्या दुपटी-तिपटीला जाते.

आधीची माझी साधी ७० मिलिमीटरची होती. तिच्यातून चंद्राच्या कडेला जांभळी किनार दिसायची आणि गुरूभोवती निळसर धुकं. दहा वर्षं ते बघून कंटाळलो होतो. साध्या दोन भिंगांच्या जोडीत दोन रंग एका ठिकाणी आणता येतात, बाकीचे मागं-पुढं राहतात. ते राहिलेलेच जांभळे. अर्न्स्ट आबेनं सूक्ष्मदर्शकासाठी फ्लुओराइट हे खनिज वापरून तीन रंग एकत्र आणले, झाइसनं १८८६ साली ती भिंगं विकायला काढली, आणि ॲपोक्रोमॅट हे नाव तिथून आलं. आता खनिजाच्या जागी ईडी काच असते, म्हणजे रंग कमी फाकवणारी. काच रंग किती फाकवते ते सांगणाऱ्या अंकालाही आबेचंच नाव आहे. जितका अंक मोठा तितका फाकवा कमी. साधी क्राऊन काच ६४ च्या आसपास, जपानच्या ओहारा कंपनीची एफपीएल-५१ साधारण ८१.५, एफपीएल-५३ जवळजवळ ९५.

विकत घेण्याआधी मीही या अंकांवरच अडकलो होतो. ५३ हवी, ५१ नको. आता आठवलं की हसू येतं, कारण टॉवेलचं गिऱ्हाईक हेच करतं. आल्याआल्या विचारतं, जीएसएम किती, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम? पाचशे म्हटलं की खूश. सूत कसलं, पाइल नीट बसलंय का, कडेची शिवण सरळ आहे का, हे कोण विचारतं? पाचशे जीएसएमचा टॉवेलसुद्धा दुसऱ्या धुण्यात दोरे सोडू शकतो. काचेचं नाव हे जीएसएम आहे. तिच्याशेजारी कुठल्या काचा बसवल्यात, त्या घासल्या कशा, एका रेषेत बसवल्या का, आणि घरात किती आवळल्या, हे जाहिरातीत नसतं. भिंगं ज्या गोल कड्यात बसतात त्याला दुर्बीणवाले सेल म्हणतात, मी घर म्हणतो.

पेटीत एक कागद होता. चाचणीचा. त्यावर स्ट्रेल रेशो ०.९५ च्या वर छापलेला. अगदी निर्दोष भिंग म्हणजे १, आणि ०.८० च्या वर गेलं की चांगलं मानायचा रिवाज आहे. म्हणजे माझं भिंग उत्तमच. पण कागदाच्या कोपऱ्यात तरंगलांबी होती ६३२.८ नॅनोमीटर. हा हेलियम-निऑन लेसरचा लाल रंग. एकाच लाल रंगात घेतलेला अंक निळ्याबद्दल काय सांगणार? आणि ॲपो घ्यायची ती निळ्या-जांभळ्यासाठीच. त्याहून मला खटकलं ते दुसरंच. नळीवर क्रमांक कोरलेला होता, कागदावर नव्हता. कापडाच्या रोलचा नंबर नसलेला रिपोर्ट आमच्याकडे कुणी टेबलावर आणला तर मी तो परत त्याच्याच हातात देतो.

भिंगाच्या आत दोन धुळीचे कण होते, कडेला काळ्या रंगाचा एक टवका. नवखे लोक यावरच घाबरतात. त्यानं चित्रात काहीही फरक पडत नाही. तो टवका मी वहीत लिहिला आणि सोडून दिला.

पहिल्या रात्री मी चूक केली. इंग्रजी पुस्तकांत लिहिलेलं असतं, ताऱ्यावरून भिंग तपासायचं तर ध्रुव घ्या, तो जागचा हलत नाही. ते लिहिणाऱ्यांच्या गावी ध्रुव अर्ध्या आभाळावर असतो. सोलापूर सतरा अंश चाळीस कला उत्तर अक्षांशावर. इथं ध्रुव अठरा अंशांच्या आसपासच, शहराच्या उजेडात आणि धुळीत बुडालेला. १६० पटीवर बघितला तर खालून लाल, वरून निळा. मी हबकलोच. तीन महिन्यांचा पगार देऊन पुन्हा रंगच! रात्री दोनपर्यंत झोप नाही. मग डोक्यात प्रकाश पडला की इतक्या खाली आलेल्या ताऱ्याचा उजेड हवेतून तिरका येतो, आणि हवाच त्याला लोलकासारखी फाकवते. भिंगाचा दोष असेल तर नळी फिरवली की रंगही फिरेल. हवेचा असेल तर नळी कशीही फिरवा, लाल खालीच राहणार. उठलो, पुन्हा गच्चीवर गेलो, नळी तिला धरणाऱ्या रिंगांमध्ये पाव फेरा फिरवली. लाल खालीच. झोपलो.

इथल्या माणसासाठी खरा तारा म्हणजे रोहिणी. ती आपल्या जवळजवळ डोक्यावरून जाते, एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक. डोक्यावर हवेचा थर सगळ्यात पातळ. नोव्हेंबरच्या शेवटी मध्यरात्री ती बरोबर वर येते. अडचण एकच. रोहिणी नारिंगी आहे, तिच्यावर निळ्याचा दोष कळत नाही. म्हणून आकारासाठी रोहिणी आणि रंगासाठी नंतर व्याध, असं मी ठरवलं.

गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो, तो मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडतो आणि तारा उकळत्या पाण्यातल्या साबुदाण्यासारखा थरथरतो. म्हणून एक वाजेपर्यंत थांबलो. दुर्बीण दोन तास आधीच बाहेर ठेवली होती, तीन जाड काचा निवायला वेळ घेतात. मग रोहिणी लावली, तीन मिलिमीटरची नेत्रिका, १६० पट.

नीट फोकसला तारा म्हणजे मधे एक बारीक ठिपका आणि भोवती एखादं फिकं कडं दिसायला पाहिजे. मला ठिपक्यातून तीन टोकं निघालेली दिसली. फोकस थोडं आत घेतलं, तर गोल तबकडीच्या जागी कोपरे गोलावलेला त्रिकोण. बाहेर घेतलं, तर पुन्हा त्रिकोण, फक्त उलटा. आत टोक वर, बाहेर टोक खाली.

आमच्या खात्यात नव्या पोराला पहिली गोष्ट शिकवतो ती ही, की कापडावर रेघ दिसली म्हणून लगेच लूमवाल्याकडे पळायचं नाही. आधी टेबलाचा दिवा बघ, मग स्वतःचा चष्मा पूस, मग कापड फिरवून बघ. तेच केलं. मला दृष्टिवैषम्य आहे, म्हणून मान वाकडी करून बघितलं. त्रिकोण जागचा हलला नाही, म्हणजे डोळा सुटला. नव्वद अंशात वळवणारा आरसा, ज्याला डायगोनल म्हणतात, तो फिरवला. त्रिकोण तसाच. स्वस्त डायगोनल हा मोठा लबाड असतो, दोष त्याचा आणि शिव्या भिंगाला, म्हणून तो काढूनच टाकला. पण डायगोनलशिवाय डोक्यावरचा तारा बघायचा तर डोळा नळीच्या बुडाशी न्यावा लागतो. ट्रायपॉडखाली चादर अंथरली, उताणा झोपलो आणि खालून बघायला लागलो. थंडी होती, मजा पण होती. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून काकूंचा आवाज आला. "काय करालाव ओ? पडलात का?"

"नाही काकू, तारा बघतोय."

"झोपून?"

त्यांना काय सांगणार! त्रिकोण तसाच होता. शेवटी नळीच रिंगांमध्ये फिरवली. त्रिकोणही तिच्याबरोबर फिरला. म्हणजे दोष भिंगात किंवा त्याच्या घरात. तीन काचांच्या मधे कडेला तीन-तीन बारीक पट्ट्या असतात, आणि वरून आट्यांची एक रिंग सगळं दाबून धरते. रिंग जास्त आवळली की काच त्या तीन जागी दबते. तीन जागी दबलेली काच ताऱ्याला तीन कोपरे देते.

पाच रात्री तपासलं. हवा खराब असली की तारा नाचतो, पण रोज त्याच तीन जागी कोपरे काढत नाही.

मग विक्रेत्याला फोन. नाव घेत नाही. माल परदेशातून आणून देशभर विकतात, बोलायला गोड.

"सर, कूलिंग नीट झालं नसेल."

"दोन तास बाहेर होती."

"मग हवा असेल सर. तुमच्याकडे सोलापूरला धूळ पण असते ना."

धूळ असते, हे मी कबूल केलं. पण धुळीला कोपरे नसतात, असंही म्हटलं.

"सर, या रेंजमध्ये थोडंफार असतंच."

इथं मी त्यांना विचारलं की पाठवायच्या आधी तुम्ही किती पीस उघडून बघता? ते म्हणाले, आणि अगदी अभिमानानं म्हणाले, "एकही नाही सर. फॅक्टरी सील तोडतच नाही. सील तुटलेलं असलं की गिऱ्हाईक म्हणतं, वापरलेला माल दिला."

मी दोन मिनिटं काही बोललोच नाही. बॉक्सचे सहा फोटो मी कशाचे काढले होते? त्या न तुटलेल्या सीलचे. ती चिकटपट्टी बघून मला बरं वाटलं होतं. तिचा खरा अर्थ इतकाच होता की कारखाना सोडल्यापासून ही नळी कुणीही आभाळाकडे केलेली नाही, आणि कारखान्यात केली होती की नाही हे सांगणाऱ्या कागदावर क्रमांक नाही.

आमच्याकडे हजार टॉवेलांचा लॉट असेल आणि गिऱ्हाइकानं एक्यूएल, म्हणजे खराब नग किती चालतील त्याची मर्यादा, २.५ मागितली असेल, तर तक्त्याप्रमाणे ८० नग काढून बघतो. पाचपर्यंत खराब निघाले तर लॉट पास, सहावा निघाला की सगळा लॉट परत चेकिंगला. म्हणजे पास झालेल्या लॉटमध्येही खराब नग असतातच. ते तिकडच्या दुकानात एखाद्याच्या हाती पडतात, तो कुरकुरतो आणि दुसरा घेतो. टॉवेलला ते चालतं. पण स्वस्त ॲपोमध्ये ही पद्धत लावली की नग काढून बघणारा माणूस कारखान्यात नसतो, तो गिऱ्हाईक असतो. महाग कंपनीचा माणूस रात्र घालवून एकेक नळी ताऱ्यावर लावतो, त्याचा पगार किमतीत असतो. माझ्या दुर्बिणीच्या किमतीत तो नव्हता, म्हणून ती मला परवडली. चेकिंग मी फुकट करत होतो, गच्चीवर, उताणा झोपून. हे आधी सांगितलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. आपल्याकडे सेकंडचा, म्हणजे दोष असलेला, माल रस्त्यावर ढीग लावून, सेकंड म्हणूनच विकतात. कुणी फसत नाही.

परत पाठवणं सोपं नव्हतं. नवीन खेप दोन महिन्यांनी. तिच्यातली कशी निघेल, ते सीलच्या आत. नुसतं बोलून उपयोग नाही, पुरावा पाहिजे. रात्री ताऱ्याचे मोबाइलवर फोटो घेतले तर थरथरीमुळे कुणालाही काहीही म्हणता येतं. म्हणून दिवसा, स्थिर खोटा तारा करायचं ठरवलं.

भंगारातल्या एका जुन्या लूमच्या बेअरिंगमधून १० मिलिमीटरची गोळी काढली, रॉकेलनं पुसली आणि काकूंच्या पलीकडच्या घराच्या कठड्यावर एम-सीलनं बसवली. परवानगी घेऊन. मागे काळा टॉवेल टांगला, उजेड शोषून घ्यायला याच्यासारखं दुसरं काही नाही. माझ्या गच्चीपासून अंतर चाळीस मीटर. सकाळचं ऊन माझ्या पाठीमागून गोळीवर पडतं आणि तिच्यात सूर्याची प्रतिमा तयार होते, एका मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढी. चाळीस मीटरवरून ती विकलेच्या आठव्या भागाएवढी दिसते (विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग). ८० मिलिमीटरच्या भिंगातून खऱ्या ताऱ्याची तबकडीच साडेतीन विकलांची दिसते, म्हणजे ही गोळी त्याच्या लेखी ताराच. फक्त सूर्य उगवल्यावरची पंधरा-वीस मिनिटं गाठायची. त्यानंतर पत्रे तापतात आणि मधली हवा नाचायला लागते.

तिसऱ्या सकाळी फोटो मनासारखे आले. फोकसच्या आत त्रिकोण, बाहेर उलटा त्रिकोण, नळी फिरवल्यावर फिरलेला त्रिकोण. शेजारी तुलनेला माझ्या जुन्या सत्तरच्या दुर्बिणीतली गोळी, गोल गरगरीत, जांभळी किनार धरून. सगळं तारीख-वेळेसह पाठवलं.

सूर बदलला. त्यांनी सुचवलं की रिंग जरा सैल करून बघा. मी म्हटलं, बघतो, पण आधी लेखी द्या की रिंग सैल केल्यानं वॉरंटी जाणार नाही. ते पत्र यायला नऊ दिवस लागले. फोनवर 'करा सर बिनधास्त' म्हणणाऱ्यावर विसंबून भिंगाला पाना लावू नका. मी बिनधास्त करणाऱ्यातला नाही.

रिंग काढायचा पाना विकत मिळतो, पण आमच्या ओळखीचे लेथवाले अण्णा आहेत. लूमचे बुश आणि पिना करतात, घरी तेलुगू, आमच्याशी सोलापुरी. त्यांनी लोखंडी पट्टीला दोन पितळी पिना बसवून अर्ध्या तासात पाना केला. कागदावर माप काढून नेलं होतं. तरी त्यांनी मला भिंग घेऊन दुकानात बोलावलं, "माप डोळ्यानं बघू द्या की साहेब." दुपारची वेळ, पत्र्याची शेड, आत चौतीस अंश. भिंगाचं तोंड वर करून नळी उभी केली, म्हणजे काचा आपल्या वजनानं घरात बसतात. काचेवर कागद, रिंगवर आणि घरावर पेन्सिलची एक खूण. अण्णांनी पाना लावला आणि थबकले.

"कोण आवळलं ओ हे? नट समजलं काय?"

खूण जेमतेम दोन मिलिमीटर सरकली. बस म्हटलं.

त्या रात्री नऊ वाजता तारा गोल. मी बायकोला हाक मारून वर बोलावलं, तिलाही दाखवलं. साडेअकराला पुन्हा बघितलं तर कोपरे परत आले होते. थोडे बोथट, पण तीनच, आणि त्याच जागी.

हे कोडं सुटायला मला कारखान्यातच जावं लागलं. शेडमधली हवा कोरडी झाली की ताण्याचं सूत तटातट तुटायला लागतं, म्हणून आम्ही ह्युमिडिफायर चालवतो. सकाळी बरोबर लावलेला ताण दुपारी बरोबर राहत नाही. इथं तेच होतं, फक्त पाण्याऐवजी उष्णता. ॲल्युमिनियम काचेपेक्षा जास्त आकसतं. वीस अंश उतरले की ८० मिलिमीटर ॲल्युमिनियम ०.०३७ मिलिमीटर आकसतं. काच, जातीप्रमाणे, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत. उरलेला फरक मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांच्या मागं-पुढं. लहान वाटतो, पण हिरव्या उजेडाची तरंगलांबी ०.०००५५ मिलिमीटर आहे, तिच्यापुढे हा डोंगर. चौतीस अंशांत बरोबर बसवलेली रिंग रात्री पंधरा अंशांत काचेला पुन्हा चावत होती.

म्हणजे काम रात्री, गारठ्यातच करायला हवं होतं. पुढच्या रात्री एक वाजता, गच्चीवर, टॉर्च दातात धरून, अण्णांच्या पान्यानं खूण आणखी दीड मिलिमीटर सरकवली. हात थरथरत होते, थंडीनं म्हणा. मग नळी हातात घेऊन कानाशी हळूच हलवली. अगदी बारीक, आहे-नाही असा टिक आवाज आला. काच मोकळी झाली होती, पण सुटी नव्हती.

रोहिणी गोल झाली. पहाटे चार वाजता पण गोल.

इथं गोष्ट संपली असती तर बरं होतं. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेचे दिवे एकीकडे आभाळ पिवळं करत असताना, मी व्याधावर रंग तपासला. जांभळी किनार नाही, जुन्या दुर्बिणीशी तुलनाच नको. पण फोकसच्या बाहेर काढल्यावर कडी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक, आणि जाड बाजूला लालसर छटा. नळी फिरवली, लाल पण फिरला. ध्रुवासारखी ही हवेची लबाडी नव्हती. तीनपैकी एक काच बाकीच्या दोघींच्या मध्यरेषेवर बसलेली नाही. रिंग सैल केल्यानं सरकली की आधीपासूनच होती, हे मी सांगू शकत नाही. त्रिकोणाच्या गडबडीत त्याआधी मी व्याध बघितलाच नव्हता. हा माझा चेकिंगमधला दोष. एक डाग सापडला की त्याच नगावरचा दुसरा डाग सुटतो, हे मी पोरांना शिकवतो.

तिन्ही काचा काढून बसवायच्या नाहीत, हे मी स्वतःला बजावलं. त्या एकमेकींशी ठरावीक कोनात जुळवलेल्या असतात, कडेला पेन्सिलच्या खुणा असल्या तर असतात, आणि घरी तपासायला माझ्याकडे एक गोळी आणि काळा टॉवेल. शिवाय या घराला सरळ करायचे स्क्रूच नव्हते. काही दुर्बिणींना असतात, घेताना विचारून घ्यावं.

मृगातल्या राजन्य (रायजेल) ताऱ्याचा सोबती दिसतो का बघितलं. नऊ-साडेनऊ विकलांवर आहे, पण मुख्य ताऱ्यापुढे इतका फिका की कोपरे असताना एका टोकात गिळला जायचा. आता स्वच्छ दिसला. पुनर्वसूतल्या कॅस्टरचे दोन तारे तर सहज सुटे. डोळ्यानं बघणाऱ्याला हा लाल दोष १६० पटीखाली जाणवतही नाही. कॅमेरा लावणाऱ्याला मात्र त्रास देईल.

विक्रेत्याला पुन्हा फोटो पाठवले. या वेळी वाद नको होता. म्हटलं, माल सेकंड आहे, सेकंडचा भाव लावा. आमच्या धंद्यात याला वेगळं समजवावं लागत नाही. तीन-चार फोननंतर सात हजार परत आले. ठेवली दुर्बीण.

फेब्रुवारीत पुतण्याच्या शाळेतले विज्ञानाचे सर बॉक्स घेऊन घरी आले. त्यांची पण ८० चीच, पण दोन भिंगांची, एफ/७, माझ्या किमतीच्या निम्म्याला. कुणीतरी सांगितलं की मी तपासून देतो. त्यांनी आधी मला विचारलं असतं तर मी हेच सुचवलं असतं. पैसे कमी असतील तर दोन भिंगांची, जरा लांब नळीची घ्यावी. सहा पृष्ठांऐवजी चार घासायची, तीनाऐवजी दोन काचा एका रेषेत बसवायच्या, आणि नाभीअंतर लांब असलं की भिंग चुका जास्त पोटात घालतं. रंग किंचित दिसेल. दिसू दे.

सीलचे फोटो काढले. सर हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्य उगवायला आम्ही गच्चीवर. गोळी अजून कठड्यावरच आहे, काळा टॉवेल काकूंनी धुऊन पुन्हा टांगला होता. फोकसच्या आत, बाहेर, पुन्हा आत. बांगड्यांसारखी गोल कडी, एकात एक, सगळीकडे सारख्या जाडीची. नळी फिरवली, डायगोनल काढला, मान वाकडी केली. काही नाही.

"ठीक आहे ना?" सरांनी विचारलं.

"फर्स्ट क्वालिटी," मी म्हटलं, आणि फोकसरचे स्क्रू पुन्हा एकदा हलवून बघितले, एखादा तरी ढिला निघावा म्हणून.